आवाजाचा आणि प्रकाशाचा संसार वेगळा मांडा

मागच्या गणेशोत्सवातली गोष्ट. शाळेचं भाड्यानं घेतलेलं सभागृह, चारशे खुर्च्या जवळपास भरलेल्या, आणि आमच्या मंडळाचा संगीत नाटकांतल्या निवडक प्रवेशांचा कार्यक्रम. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेमागे मिक्सरवर बसले होते. मध्यंतरानंतरचा दुसरा प्रवेश, रात्रीचा प्रसंग, निळसर उजेड. नायिकेनं पद उचललं, दुसऱ्या ओळीवर आली, स्पीकरमधून दोन-तीनदा चरचर ऐकू आली आणि आवाज गेला. एकट्या तिचा नाही, सगळ्यांचाच. पेटीचा, तबल्याचा, विंगेतल्या मॉनिटरचा. मी शेजारी प्रकाश सांभाळणाऱ्या मित्राकडे पाहिलं, तर तो लॅपटॉपवर बोटं आपटत होता. त्याचे दिवेही हलेनात. रंगमंच त्या निळ्या रात्रीतच अडकून पडला.

ताई थांबल्या नाहीत. पेटीवाले आणि तबलजीही थांबले नाहीत. सहा-सात मिनिटांनी आम्ही सगळं उपटून पुन्हा लावलं आणि आवाज परत आला, तोपर्यंत पद संपलं होतं. कार्यक्रमानंतर एक आजोबा मुद्दाम मागे आले आणि म्हणाले, "आज कित्येक वर्षांनी खरं संगीत नाटक ऐकलं!" मला भरून आलं. मग आठवलं की आजोबा पहिल्या रांगेत होते. मागच्या दहा रांगांनी त्या सहा मिनिटांत माझ्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

झालं होतं इतकंच: विंगेत एक छोटा नेटवर्क स्विच होता. त्याला लावलेली एक जादा केबल मी टॅब्लेटसाठी ठेवली होती आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं. नेपथ्य हलवणाऱ्या एका उत्साही मुलानं ते पाहिलं. "कुणाची तरी तार सुटलेली दिसतेय" म्हणून त्यानं ते चांगल्या मनानं स्विचच्या रिकाम्या खोबणीत खोचलं. आता त्या केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये होती. स्विचमधून सगळ्यांसाठी म्हणून निघालेलं पॅकेट त्या केबलमधून फिरून परत स्विचमध्ये, तिथून पुन्हा सगळीकडे, पुन्हा परत. इथरनेटच्या पॅकेटवर 'इतके फेरे झाल्यावर संप' असं काही लिहिलेलं नसतं. चांगल्या प्रतीचे स्विच असा वेढा ओळखून ती वाट बंद करतात. आमचा स्वस्तातला होता. काही क्षणांत त्या जाळ्यात निरर्थक गर्दीखेरीज काही उरलं नाही. आवाज आणि प्रकाश दोन्ही त्याच जाळ्यात होते, म्हणून दोन्ही एकदम गेले.

हे सगळं नेटवर्कवर न्यायचा आग्रह मीच धरला होता, म्हणून हे तुम्हाला सांगणं मला भाग आहे. नंतरच्या बैठकीत दोन तट पडले. जुनी मंडळी म्हणाली, "तो जाडजूड मल्टिकोर बरा होता, परत काढा." आणि आमच्या मंडळात निम्मे सदस्य आयटीवाले, ते म्हणाले, "नेटवर्कच आहे ना, चांगला स्विच घ्या, झालं!" मला हे दोन्ही पटत नाही. तुमच्याही मंडळात यंदा याच विषयावर वाद होणार असतील, कारण आता बहुतेक नवे डिजिटल मिक्सर मागच्या बाजूला नेटवर्कची खोबण घेऊनच येतात. म्हणून माझं मत जरा सविस्तर मांडते.

आधी मल्टिकोरबद्दल. चोवीस माइकच्या चोवीस ताऱ्यांचा तो अजगर ज्यानं कुणी भूमिगत पार्किंगपासून रंगमंचापर्यंत खांद्यावरून नेला असेल, त्याला मी काय सांगू! पण वजन हा त्याचा लहान दोष. साध्या माइकमधून येणारा संदेश काही मिलिव्होल्टचा असतो. तो तसाच, नाजूक अवस्थेत, चाळीस-पन्नास मीटर भिंतीकडेनं मिक्सरपर्यंत जातो आणि वाटेत त्याला सभागृहातल्या विजेच्या तारा भेटतात. जुन्या पद्धतीचे डिमर दिवा मंद करताना विजेची लाट कापतात, इथे अमेरिकेत सेकंदाला १२० वेळा. त्याची चिरचिर आवाजात शिरते. शिवाय मिक्सर एका भिंतीतल्या विजेवर आणि रंगमंचावरची यंत्रं दुसऱ्या भिंतीतल्या विजेवर असली, की दोन्हींच्या अर्थिंगमधल्या किंचित फरकामुळे मल्टिकोरच्या वेष्टणातून प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकर गुणगुणायला लागतात. आमचे पेटीवाले काका याला 'फुकटचा तानपुरा' म्हणतात. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिकडची गुणगुण साधारण पांढरी पाचच्या जवळ पडते. इथली ६० हर्ट्झची, ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळते आणि कुठल्याच पट्टीत बसत नाही. काकांच्या मते परदेशातला हा सगळ्यात मोठा सांस्कृतिक धक्का.

नेटवर्क केबलमुळे हे दुखणं मुळापासून जातं, आणि त्यामागची युक्ती जुनीच आहे. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं ते १८८० साली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचं पेटंट घेतलं. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो. ऐकणाऱ्या यंत्रानं दोन तारांमधला फरक तेवढा घेतला, की सारखा पडलेला गोंगाट वजा होतो आणि संदेश उरतो. माइकची चांगली केबल याच तत्त्वावर चालते. नेटवर्क केबलमध्ये अशा चार जोड्या असतात आणि एका जोडीचं बोलणं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून प्रत्येकीचा पीळ कमीजास्त ठेवलेला असतो. कधी एखादी जुनी केबल कापून पाहा, डोळ्यांना दिसतं. त्यात भर म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक खोबणीमागे अगदी छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे संदेश पलीकडे जातो पण दोन यंत्रांमध्ये थेट विजेचा सांधा राहत नाही. साधी, वेष्टण नसलेली केबल वापरली तर अर्थिंगचा तो वेढाच तुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाजाचे आकडे गायिकेपासून चार पावलांवरच्या स्टेजबॉक्समध्येच होतात. तिथून पुढे आकडे पोचतात किंवा पोचत नाहीत, वाटेत मळत नाहीत.

आता आयटीवाल्या मित्रांकडे वळते. त्यांचा पहिला प्रश्न असतो 'बँडविड्थ किती लागेल?' आणि तो चुकीचा प्रश्न आहे. हिशेब सोपा आहे. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे एका माइकला सेकंदाला साधारण साडेअकरा लाख बिट. बत्तीस माइक म्हटले तरी ३७ मेगाबिट, पॅकेटांच्या वेष्टणाचं थोडं वरकड. साध्यातला साधा गिगाबिट स्विच सेकंदाला एक हजार मेगाबिट नेतो. जागा भरपूर आहे.

अडतं ते वेळेपाशी. तुम्ही ईमेल पाठवता किंवा सिनेमा पाहता, तेव्हा एखादं पॅकेट हरवलं तर पुन्हा मागवलं जातं. अर्धा सेकंद गेला तरी कुणाला कळत नाही. आपल्या रोजच्या इंटरनेटचं तत्त्व 'देर से सही' असं आहे. रंगमंचावर ते चालत नाही. तबलजी समेवर अर्धा सेकंद उशिरा आला तर 'आला एकदाचा' असं आपण म्हणतो का? इथे उशिरा आलेलं पॅकेट हरवलेल्याच हिशेबात धरतात आणि फेकून देतात.

त्याहून खोल अडचण घड्याळांची आहे. दोन नमुन्यांमधलं अंतर सुमारे २१ मायक्रोसेकंद. स्टेजबॉक्समध्ये एक घड्याळ, मिक्सरमध्ये दुसरं, दोन्ही क्वार्ट्झच्या स्फटिकांवर चालणारी. समजा दोघांच्या चालीत दहा लाखांत फक्त वीस भागांचा फरक आहे, आणि एवढा फरक चांगल्या स्फटिकांतही सहज असतो. तरी दर सेकंदाला जवळजवळ एक नमुना जास्त किंवा कमी पडेल. काही क्षणांनी मिक्सरची शिल्लक तरी ओसंडेल किंवा संपेल, आणि तुम्हाला 'टक्' ऐकू येईल. मग पुन्हा टक्. म्हणून या सगळ्या यंत्रांमधलं एक घड्याळ मुखिया ठरतं आणि बाकीची सतत त्याच्याशी आपली वेळ जुळवत राहतात, 'मी निघालो तेव्हा इतके वाजले होते, तुला पोचलो तेव्हा किती?' असे निरोप पाठवून. या पद्धतीचं प्रमाणित नाव आयट्रिपलई १५८८. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची २००६ पासूनची 'डान्टे' ही पद्धत आज सर्वांत जास्त दिसते, ती यावरच उभी आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून २०१३ मध्ये आलेलं एईएस ६७ हे मानकही त्यावरच.

प्रयोगशाळेत माझं रोजचं काम हेच आहे. एकमेकांपासून लांब ठेवलेल्या डिटेक्टरांची घड्याळं एकत्र चालवायची. सर्नमध्ये जन्मलेला 'व्हाइट रॅबिट' प्रकल्प याच १५८८ ला पुढे नेऊन किलोमीटरभर लांबच्या घड्याळांना एका नॅनोसेकंदाहून कमी फरकानं जुळवतो. म्हणजे कण-भौतिकीचा प्रयोग आणि आपल्या ताईंचं नाट्यपद यांच्या पोटात एकच युक्ती आहे. हे मला भारी वाटतं, आणि मंडळाच्या बैठकीत हे मी सांगितलं तेव्हा खजिनदारांनी घड्याळात पाहिलं.

यातली एक गंमत आयटीवाल्यांसाठी खास. आमच्या एका मित्रानं मोठ्या प्रेमानं वीज वाचवणारा 'हरित' स्विच आणून दिला होता. असा स्विच दोन पॅकेटांमधल्या रिकाम्या वेळात डुलकी काढतो. ऑफिसात याचा कुणालाच त्रास नाही. पण वेळेचा निरोप आला तेव्हा स्विच डुलकीत असेल, तर तो जागा होऊन निरोप पुढे देईपर्यंत निरोपातली वेळ शिळी होते. आमच्या तालमीत दर थोड्या वेळानं टकटक येत होती ती यामुळे. ती सोय बंद केली, टकटक थांबली. स्विच चांगला होता, महागही होता. फक्त त्याला वक्तशीरपणा हा गुण आहे हे माहीत नव्हतं.

उशीर होतो का, असं गायक मंडळी हमखास विचारतात. होतो, पण किती? अशा जाळ्यात एका मिलिसेकंदाचा उशीर नेहमीचा. तेवढ्या वेळात हवेतून आवाज ३४ सेंटिमीटर जातो. दीड वीत! गायक मॉनिटरपासून दीड वीत मागे सरकला तर जेवढा फरक पडेल तेवढा. मिक्सर वगैरे धरून दोन मीटर म्हणा. तेव्हा त्याची भीती सोडा. मात्र एकच आवाज दोन वाटांनी, वेगवेगळ्या उशिरानं येऊन मिसळला तर गडबड होते. एका मिलिसेकंदाच्या फरकानं ५०० हर्ट्झचा स्वर स्वतःलाच खाऊन टाकतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. म्हणून अर्धे माइक नेटवर्कवर आणि अर्धे जुन्या तारेवर अशी खिचडी एका वेळी करू नका.

आता प्रकाश. इथे माझं मुख्य म्हणणं आहे.

दिव्यांची भाषा डीएमएक्स ५१२, अमेरिकेत १९८६ साली ठरलेली. तिचा स्वभाव आवाजाच्या अगदी उलटा आहे. एका तारेवर ५१२ आकडे, प्रत्येक आकडा एका दिव्याच्या एका गुणाचा: किती लाल, किती निळा, किती तेज. सगळे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून झाले की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा. काही बदललं नसलं तरीही! गावच्या यात्रेतला ध्वनिक्षेपकावरचा निवेदक आठवा, 'हरवलेल्या मुलाचे वडील जिथे असतील तिथून...' हे तो वडील सापडेपर्यंत बोलतच राहतो, तसं. यात एखादी फेरी ऐकू आली नाही तरी बिघडत नाही, २३ मिलिसेकंदांनी पुढची येतेच. आणि फेऱ्या आल्याच नाहीत तर बहुतेक दिवे शेवटचा हुकूम धरून बसतात. आमचा निळा उजेड थिजला तो याच कारणानं.

म्हणजे पाहा, आवाजाचं प्रत्येक पॅकेट एकदाच येतं आणि ते २१ मायक्रोसेकंदांच्या शिस्तीत यावं लागतं. प्रकाशाचं पॅकेट तेच तेच बोलतं आणि वीस-तीस मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी डोळ्याला कळत नाही. एक आलाप, एक दवंडी. मोठ्या रंगमंचांवर शेकडो दिवे झाले, तेव्हा ही दवंडी नेटवर्कवर चढली. ब्रिटनमधून १९९८ मध्ये आर्ट-नेट आलं, २००९ मध्ये एसएसीएन हे मानक. दोघांनाही सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची सवय. साधा स्विच हे बोलणं प्रत्येक खोबणीतून बाहेर ओततो, मग त्या खोबणीला दिवा असो की माइकचं यंत्र. छोट्या ध्वनियंत्रांच्या खोबणी पुष्कळदा १०० मेगाबिटच्याच असतात. त्यांना आपला आलाप सांभाळत ही दवंडीही ऐकावी लागते.

व्यावसायिक लोक दोन्ही एकाच केबलवर चालवतात आणि उत्तम चालवतात, हे खरं आहे. त्यांचे स्विच एकाच तारेत दोन वेगळी आभासी जाळी करतात आणि घड्याळाच्या निरोपाला सर्वांत पुढे, आवाजाला त्यामागे, बाकीच्यांना रांगेत, असं वागवतात. पण त्यांच्याकडे ते मांडणारा माणूस रोज त्याच जागी असतो. आपल्याकडे काय? वर्षातून चार कार्यक्रम, दर वेळी वेगळं सभागृह, दुपारी दोनला किल्ली मिळणार, पाचला तिसरी घंटा. ज्यानं स्विचची मांडणी केली तो गेल्या महिन्यात नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलेला. पासवर्ड त्याच्याच डोक्यात. अशा ठिकाणी हुशार मांडणीपेक्षा मूर्ख पण वेगळी मांडणी मला जास्त भरवशाची वाटते.

म्हणून माझं मत असं: मंडळांनी आवाज खुशाल नेटवर्कवर न्यावा, पण प्रकाश जुन्या डीएमएक्सवरच ठेवावा. आपल्याला गरजच नाही हो! एका एलईडी पारला सहा-आठ आकडे लागतात. चोवीस पार लावले तरी दोनशेच्या आत भागतं, म्हणजे ५१२ ची अर्धी तारही भरत नाही. पाच पिनांची एक केबल, शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर, संपलं. तो टर्मिनेटर विसरलात तर संदेश टोकाला आपटून परत फिरतो आणि दिवे विनाकारण लुकलुकतात, एवढंच पथ्य. कधी खरंच दिवे वाढले तर त्यांना त्यांचा वेगळा स्विच आणि वेगळी केबल द्या. त्या वेढ्याच्या संध्याकाळी प्रकाश वेगळा असता, तर निदान माझा मित्र तरी हळूहळू उजेड उतरवून प्रवेश सावरू शकला असता. पडदा पाडता आला असता. दोन्ही गेल्यामुळे आम्हाला काहीच करता आलं नाही.

आणखी एक गोष्ट मला सतावते, ती म्हणजे ही खोबण. तीच आरजे-४५, आठ पितळी दातांची. पूर्वी माइकची पिन वेगळी, दिव्याची वेगळी, स्पीकरची वेगळी होती, त्यामुळे चुकीचं काही खोचायचं म्हटलं तरी जायचं नाही. आता सगळं सगळीकडे बसतं. एईएस ५० नावाच्या पद्धतीत हीच केबल असते, पण ते इथरनेटचं जाळंच नव्हे. ती स्विचमध्ये खोचली तर काहीच चालत नाही. काही जण डीएमएक्सही याच केबलमधून नेतात. डीएमएक्सच्या मानकानं याला परवानगी दिली आहे ती भिंतीतल्या कायमच्या जोडणीपुरती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी नाही, आणि कारण साधं आहे. नेटवर्कच्या तारेतून यंत्रांना वीजही पुरवतात. शहाणी यंत्रं समोरच्याला आधी विचारून मगच वीज सोडतात, पण न विचारता ४८ व्होल्ट सोडणारी स्वस्त यंत्रंही बाजारात आहेत. त्यात दिव्याची तार गेली तर दिव्याचा मेंदू जळतो. 'गॅरेजमध्ये पडलेली आहे की एक निळी केबल' हे वाक्य ऐकलं की म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. ती निळी केबल बहुतेक भिंतीत बसवायची, एकसंध तांब्याच्या तारेची असते. दहा वेळा गुंडाळली की आत तुटते आणि बाहेरून ठणठणीत दिसते. रंगमंचासाठी बारीक तारांच्या पेडाची, लवचिक केबल घ्या, आणि अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तर मुळीच नको.

जुन्या साउंडवाल्या मंडळींचा एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करते. मल्टिकोरची एक तार तुटली तर एक माइक जातो. नेटवर्कची एक केबल तुटली तर सगळे जातात. याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. महाग उत्तर: यंत्राला मुख्य आणि राखीव अशा दोन खोबणी असतील तर दोन पूर्ण वेगळी जाळी मांडा. एक गेलं तर दुसरं ऐकणाऱ्याला न कळता चालू राहतं. स्वस्त उत्तर मला जास्त आवडतं. एक साधा माइक, एक लांब साधी एक्सएलआर तार, थेट मिक्सरच्या पाठीत. नेटवर्कशी काही संबंध नाही. कार्यक्रमभर तो विंगेत बंद पडून राहील, आणि जाळं कोसळलं की कुणीतरी तो ताईंच्या हातात देईल. मिक्सरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या तारा सभागृहाच्या जुन्याच असतील, तर एवढ्यावर कार्यक्रम पार पडतो. होडीला छोटी होडी बांधतात ना, तेवढंच.

आम्ही यंदा हेच करतोय. आवाजाची केबल लाल, दिव्यांची काळी डीएमएक्स, विंगेत जादा केबल नाही, टॅब्लेट वाय-फायवर, तोही फक्त साउंड चेकपुरता. प्रेक्षक आले की चारशे फोन त्याच हवेत बोलायला लागतात आणि मग टॅब्लेटचं कुणी ऐकत नाही. स्विचचा ताबा एकाच माणसाकडे, आणि त्याच्याशिवाय कुणी काही खोचायचं नाही. तो माणूस म्हणून मी त्याच उत्साही मुलाची निवड केली, खजिनदारांचा विरोध असताना. पहिल्या तालमीला तो आपणहून लवकर आला आणि स्विचच्या एकूण एक रिकाम्या खोबणीवर त्यानं गुलाबी चिकटपट्टी लावली. मला लॅपटॉप लावायला एक खोबण हवी होती. 'कशासाठी?' असं विचारून, उत्तर नीट ऐकून घेऊन, मगच त्यानं पट्टी काढली.